पहिला घास कुणाचा? लाओसमधली एक सकाळ, आणि तुमच्याकडच्या सकाळी

पायवाट

मंडळी, गेल्या हिवाळ्यात लाओसमधल्या लुआंग प्रबांगला नऊ दिवस राहून आले. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरचं हे जुनं राजधानीचं गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. देवळं, धबधबे, रात्रबाजार यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते एका घरातल्या भाताबद्दल.

मी मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका कुटुंबाच्या घरी उतरले होते. घरातल्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. पहाटे चारच्या सुमारास विहारातला नगारा वाजला की त्या उठायच्या. भात म्हणजे तिकडचा चिकट भात. तो रात्रीच भिजत घातलेला असतो. सकाळी तो बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून, खाली पाण्याचं भांडं ठेवून वाफेवर शिजवतात. मध्ये एकदा टोपलीला असा हिसका देतात की भाताचा अख्खा गोळा उलटून पडतो आणि वरचा भात खाली जातो. मग तो लाकडी पाटावर पसरायचा, वारा घालायचा आणि झाकणाच्या बांबूच्या डब्यात भरायचा. त्या डब्याला तिप खाओ म्हणतात. घरातल्या प्रत्येकाचा डबा वेगळा.

पहिला भरलेला डबा मात्र बाजूला ठेवला जायचा. नातू झोपेतून उठून आला आणि वासाने त्याने त्यात हात घातला, तर आजींनी त्याचा हात हलकेच बाजूला केला. ओरडल्या नाहीत, समजावलं नाही. पोरगंही हट्ट न करता बसून राहिलं.

उजाडायच्या जरा आधी आजी दारात चटई अंथरून गुडघ्यांवर बसल्या. पायात काही नाही, विणलेली लुंगीसारखी 'सिन', डाव्या खांद्यावरून आडवं घेतलेलं उपरणं. गल्लीच्या वळणावरून भिक्षू आले. एका ओळीत, अनवाणी, पुढे वयस्कर, मागे लहान होत होत शेवटी दहा-बारा वर्षांचे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू. आजी चिमूटभर भात घेऊन प्रत्येकाच्या पात्रात टाकत होत्या. कोणी कोणाशी बोललं नाही. आभार नाहीत, आशीर्वादाची घाई नाही, नजरेला नजरही नाही. पाच मिनिटांत रांग पुढे गेली.

डब्यात तळाशी थोडा भात उरला होता. त्यातली एक चिमूट आजींनी फाटकाच्या खांबावर ठेवली. मग एका छोट्या बाटलीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं. ओठ हलत होते. नंतर त्यांच्या नातीने सांगितलं की ते पाणी आजोबांसाठी आणि आधी गेलेल्या सगळ्यांसाठी. जे पुण्य मिळालं ते त्यांच्याकडे पोचवायचं. मला आमच्या घरचं तर्पण आठवलं आणि घशात काहीतरी अडकलं.

या विधीला 'ताक बात' म्हणतात. ताक म्हणजे वाढणं, काढून घालणं. बात म्हणजे आपलं पात्रच, पालीतल्या 'पत्त'वरून गेलेलं. पुण्याला ते 'बुन' म्हणतात.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर चित्र खोटं होईल. पहिल्या दिवशी मी मुख्य रस्त्यावर गेले होते. माझ्या बुकिंगमध्येच 'भिक्षादानाचा अनुभव' घातलेला होता. प्लॅस्टिकच्या स्टुलांची रांग, प्रत्येकाला तयार भाताची टोपली, समोर कॅमेऱ्यांचे दिवे. टोपलीतला भात गार आणि कडक झालेला. माझ्या शेजारच्या बाईंनी फोटो नीट यावा म्हणून एका छोट्या श्रामणेराच्या खांद्याला हात लावला. तो दचकून मागे सरला. अंतर राखा, फ्लॅश वापरू नका, शांत राहा असे फलक गावात लावलेले आहेत, पण वाचतो कोण. मी टोपली तिथेच ठेवून उठले. दुसऱ्या दिवसापासून आजींच्या दाराच्या आत, उंबऱ्याच्या मागे बसून पाहत राहिले.

त्या नऊ दिवसांत एक प्रश्न डोक्यात बसलाय. आजोबा जेवायला बसले की ताटाबाहेर शितं ठेवायचे. आई नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाला वाढायची नाही. मी स्वतः हे सगळं कधी सोडलं ते आठवतही नाही. तुम्ही आशियात जिथे जिथे राहिलात, फिरलात, तिथे शिजलेल्या अन्नाचा पहिला घास कुणाला जातो? आपल्याकडचंही लिहा.

---

कोकमआगळ

पायवाट, फार मनापासून लिहिलंय. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बालीत देनपसारला तीन वर्षं होतो. तिथला पहिला घास चुलीला.

बालीतल्या फुलांच्या छोट्या टोपल्या सगळ्यांनी फोटोत पाहिल्या असतील. त्या 'चनांग सारी'. नारळाच्या कोवळ्या झावळीची चौकोनी परडी, त्यात पूर्वेला पांढरी फुलं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. मध्ये विडा, म्हणजे पान, सुपारी, चुना यांचा अगदी छोटा तुकडा. वर उदबत्ती. पण त्याआधी, भात शिजला की लगेच, आणखी एक गोष्ट होते आणि ती पाहुण्यांना दिसत नाही. केळीच्या पानाचे बोटभर चौकोन कापतात, प्रत्येकावर चिमूटभर भात, थोडं मीठ किंवा त्या दिवशी जे शिजलं असेल ते. हे चुलीवर, पाण्याच्या जागी, फाटकाशी, देवळीत ठेवायचं. मगच घरातल्यांनी जेवायचं. रोजच्या बोलण्यात याला 'साइबान' किंवा 'जोतान' म्हणतात, आणि शास्त्रातलं नाव 'यद्न्य सेसा'. म्हणजे यज्ञशेष! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरमालकीणबाईंना, आमच्या इबूंना, तीनदा म्हणायला लावलं.

त्यांनी कारणही सांगितलं. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचं भांडं या पाच ठिकाणी आपल्या हातून नकळत किडामुंगी मरते, म्हणून तिथे घास. आपल्याकडे धर्मशास्त्रात ही पाच ठिकाणं 'पंचसूना' म्हणून आहेत. इबूंच्या स्वयंपाकघरात उखळ नव्हतं. त्या भाताचा एक चौकोन गॅसच्या शेगडीवर आणि एक पाण्याच्या पंपावर ठेवायच्या.

ठेवल्या ठेवल्या मुंग्या, चिमण्या, कोंबड्या येऊन खाऊन जातात. कोणी हाकलत नाही.

थोडं अवांतर, पण राहवत नाही. त्यांचा 'न्येपी' हा शक वर्षाचा पहिला दिवस. शक म्हणजे आपलाच, इसवी सनातून ७८ वजा करायचे तो. अधिक महिन्यांचा हिशेब वेगळा असल्याने दरवर्षी जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. पण २०२३ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, २२ मार्चला, आणि दोघांचंही शके १९४५. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत अख्खं बेट बंद. विमानतळसुद्धा. विस्तव नाही, काम नाही, बाहेर पडणं नाही, करमणूक नाही. रस्त्यावर फक्त गावाचे राखणदार, पचलांग. मी आदल्या दिवशी इबूंना भीत भीत विचारलं, आमचंही नवीन वर्ष आहे, गुढी उभारू का? त्या म्हणाल्या, घरात उभारा, चूल मात्र पेटवू नका. म्हणून पुरणपोळ्या आदल्या दिवशी करून ठेवल्या, आणि गुढी मागच्या पडवीत, रस्त्यावरून न दिसेल अशी. रात्री अंधारात बसून आम्ही गार पोळी खाल्ली. एकही दिवा नसलेल्या बेटावर दिसतात तेवढे तारे मी त्याआधी फक्त लहानपणी आजोळी पाहिले होते.

---

गावठाण

वा! वाचतोय. शक वर्षाचं माहीतच नव्हतं.

आमच्या लातूरकडे येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप, त्यात पाच पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ताकातली अंबील. आधी पूजा, मग अंबील शिंपडत सगळ्या शेताला फेरी, आणि मग माणसांची पंगत. पहिला घास काळ्या आईचा. आजही चालू आहे. पुण्यामुंबईला नोकरीला असलेली पोरं त्या दिवशी रजा टाकून येतात.

रोजचंही सांगतो. आमची आई खुरपायला गेल्यावर बांधावर भाकरी सोडली की पहिला तुकडा मोडून बाजूला टाकायची. कुणासाठी, असं कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

---

रानजाई

पायवाटताई, लेख आवडला, पण एक मुद्दा मांडते. दुसऱ्याच्या धर्माचरणाकडे आपण उंबऱ्यामागून पाहणं आणि रस्त्यावरून पाहणं, यात खरंच मोठा फरक आहे का? तुम्हीही पाहुण्याच आणि त्या स्टुलावरच्या बाईही. त्या टोपल्या विकणाऱ्या स्थानिक बायकांचं घरही त्यावर चालत असणार. आपल्याकडे वारीतले कॅमेरे आपण चालवून घेतो, पंगतीत परदेशी पाहुणा बसला तर त्याला आग्रहाने वाढतो. मग देणारा परका असला तर दान बाटतं का?

---

पायवाट

रानजाई, प्रश्न रास्त आहे. मी त्यावर बराच विचार केला.

देणारा परका असल्याने काही बिघडत नाही. आजींनी मला सहाव्या दिवशी स्वतःहून डबा पुढे केला होता. आधी त्यांनी मला भात भिजवायला लावला, पहाटे उठवलं, उलटा हिसका कसा द्यायचा ते शिकवलं. माझा गोळा पाटाऐवजी जमिनीवर गेला, तो त्यांनी कोंबड्यांना घातला आणि पुन्हा थोडा शिजवला. मग मला चटईवर बसवलं, आणि गुडघे दुमडून पाय मागे घ्यायला सांगितले, कारण भिक्षूंकडे पाय करायचे नसतात. त्या दिवशी मी दिलेला भात त्या घरचा होता आणि पहाटेपासूनच्या कामातून आलेला होता.

मुख्य रस्त्यावर मला सगळ्यात जास्त काय टोचलं तर भात. भिक्षूंचं जेवण दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि दुपारी बारानंतर घन अन्न नाही. म्हणजे सकाळी पात्रात पडेल तेच त्या दहा वर्षांच्या पोराच्या पोटात जाणार. त्याला शिळा, कडक भात घालायचा आणि त्याचा फोटो काढायचा, हे मला मान्य होत नाही. टोपल्या विकणाऱ्या बायकांवर राग नाही. त्यांनी ताजा भात विकावा आणि आपण अंतरावर बसून द्यावा, एवढं झालं तरी पुष्कळ.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली होती. रांगेच्या शेवटी रस्त्याच्या कडेला काही गरीब मुलं पिशव्या, टोपल्या पुढे ठेवून गुडघ्यांवर बसलेली असतात. भिक्षू चालता चालता आपल्या पात्रातला भात, केळी, बिस्किटं त्यांच्या पिशवीत टाकतात. ज्याने आत्ताच घेतलं तोच दहा पावलांवर देतो. हे पाहायला मात्र कोणी थांबत नव्हतं.

---

रानजाई

पटलं. भात भिजवण्यापासूनचं वाचल्यावर जास्त पटलं.

---

मैलाचा_दगड

समरकंदबद्दल लिहितो. तिथे पहिल्या घासाचा प्रकार वेगळा आहे.

उझबेक लोकांत 'नोन' म्हणजे रोटी, ही जवळजवळ देवासारखी. बीबी खानुम मशिदीला लागून सियोब बाजार आहे, तिथे सकाळी रोट्यांचे ढीग लागतात. समरकंदची रोटी जाड, जड, चकाकती, मध्ये दाबलेली. त्या मधल्या भागावर 'चेकिच' नावाच्या टोकदार खिळ्यांच्या ठशाने नक्षी उठवतात, म्हणजे तिथे फुगत नाही. 'तंदिर'मध्ये आतल्या भिंतीला थापून भाजतात. शब्द ऐकून आपण घरीच आहोत असं वाटतं: नोन, तंदिर, बोझोर, पियोला, दस्तरखोन, मेहमोन.

मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी उतरलो होतो. दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या कापडावर, रोटी कधीही पालथी ठेवायची नाही. सुरीने कापायची नाही. घरातला मोठा माणूस हाताने मोडतो आणि तुकडे सगळ्यांपुढे ठेवतो, नक्षीची बाजू वर. जमिनीवर तुकडा पडला तर उचलून पाखरांसाठी उंचावर ठेवायचा. चहा आधी पेल्यात ओतून परत किटलीत, असं तीनदा करतात, आणि मग पाहुण्याला अर्धाच पेला देतात. पूर्ण भरला तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. अर्धा म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक रोटी टांगलेली होती. वाळून लाकूड झालेली, एका कडेला चावा घेतलेला. मला वाटलं शोभेची असेल. त्यांच्या पत्नीने सांगितलं, धाकटा मुलगा सैन्यात गेलाय. घरातून लांब जाणारा माणूस निघताना रोटीचा एक घास घेतो, आणि उरलेली त्याच्या परतण्यापर्यंत जपून ठेवतात. ती सांगत असताना हात पदरासारख्या ओढणीत गुंडाळत होती. माझा थोरला भाऊ सैन्यात होता. आई त्याच्या हातावर दही घालायची आणि वाटी तशीच देवापुढे ठेवायची. मी त्या बाईंना तसं सांगितलं. भाषा अर्धीमुर्धी, पण त्यांनी माझ्यापुढचा पेला चार वेळा अर्धा भरला.

---

सुईदोरा

मी टोकियोच्या पूर्वेला राहते. आमच्या शेजारी एक ऐंशीच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे बुत्सुदान, म्हणजे घरातलं बुद्धाचं आणि पूर्वजांचं कपाट आहे. कुकरमधला भात झाला की पहिला भात छोट्या धातूच्या वाटीत उंच शिगेसारखा भरून तिथे ठेवतात, छोटी घंटा वाजवतात, हात जोडतात. नवरा गेल्याला खूप वर्षं झाली. सकाळी पाव खाल्ला तर पाव ठेवतात. 'त्यांनाही भाताचा कंटाळा येत असेल' असं मला म्हणाल्या.

थोड्या वेळाने तो भात काढून स्वतः खायचा, टाकायचा नाही. त्याला 'ओसागारी' म्हणतात, म्हणजे वरून खाली आलेलं. मी त्यांना 'प्रसाद' शब्द शिकवलाय. आता खिडकीतून दिसले की 'प्रसादो!' अशी हाक मारून वाटी दाखवतात.

आणि उन्हाळ्यात त्या दारासमोर बादलीतून लाकडी ओगराळ्याने पाणी शिंपडतात. सडाच! फक्त शेण नाही आणि रांगोळी नाही.

---

किनारा

मी फार लिहिणारा नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमचं कुटुंब मूळ अलिबागकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. वडिलांच्या लहानपणी सगळे इकडे इस्रायलला आले, आता अश्दोदला. गावाकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. घरात अजून मराठी आहे, निदान माझ्या पिढीपर्यंत.

आमच्यात पहिला घास पिठातच निघतो. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, पावासाठी शुक्रवारी मोठ्या प्रमाणात पीठ मळलं की त्यातून एक गोळा बाजूला काढतात आणि प्रार्थना म्हणून जाळून टाकतात. जेरुसलेमचं मंदिर होतं त्या काळी तो पुरोहिताला द्यायचा असे. मंदिर राहिलं नाही, तरी गोळा काढणं राहिलं. हे सगळ्या ज्यूंमध्ये आहे.

फक्त आमचं असं आहे ते मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि भोवती फळं. लग्न असो, नवस फिटो, नवीन घर असो. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन, गाणी म्हणून, मग वाटायचं. म्हणून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. इथल्या मोरोक्कोच्या, येमेनच्या शेजाऱ्यांना पहिल्यांदा नवल वाटलं. आता तेच विचारतात, मलिदा कधी आहे. पातळ पोहे इथे मिळतात, पण माझी आई म्हणायची, गावच्या पोह्यांची चव नाही.

---

गावठाण

किनारादादा, तुम्ही लिहीत राहा. अश्दोदच्या सकाळींवर वेगळा धागा काढा, आम्ही वाट पाहतो.

---

कोकमआगळ

+१

---

निळीजांभळी

मी मंगोलियात उलानबातरच्या बाहेर दोन उन्हाळे कामाला होते. गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या गोल तंबूत, सकाळचा चहा मोठ्या कढईत होतो. भरपूर दूध, साखर नाही, मीठ. घरची बाई पहिली पळी घेऊन बाहेर येते आणि लाकडी चमच्याने आकाशाकडे, चारी दिशांना उडवते. त्या चमच्याला नऊ खळगे कोरलेले असतात, 'त्सात्साल' म्हणतात. पहिल्या वाट्याला शब्द आहे 'देएज'. चहा, दूध, जे असेल त्याचा देएज आधी बाहेर, मग घरातल्यांच्या वाट्या. हिवाळ्यात, उणे तापमानातही. मी ज्या बाईंकडे होते त्या वाऱ्याच्या दिशेचा अंदाज न घेता उडवायच्या, मग तो चहा त्यांच्याच तोंडावर आणि माझ्या जॅकेटवर यायचा, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. दर सकाळी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहायला लागले होते.

कोरियातही शेतात, डोंगरावर जेवताना 'गोसुरे' म्हणत पहिला घास दूर टाकायची जुनी रीत आहे. गावठाण, तुमच्या आईचं बांधावरचं वाचून तेच आठवलं.

---

नवापाहुणा

सगळ्यांचे आभार. माझं वय सव्वीस, घरी यातलं काहीच पाहिलं नाही. पायवाटताई, तुम्ही वर आजोबांच्या ताटाबाहेरच्या शितांचं लिहिलंय, ते नेमकं काय असतं? कुणासाठी?

---

पायवाट

नवापाहुणा, मलाही नीट सांगता आलं नसतं, म्हणून आत्ता आईला फोन केला. ती सावंतवाडीला असते. अर्धा तास बोलत होतो.

त्याला चित्राहुती म्हणतात. आधी ताटाभोवती पाणी फिरवायचं. मग ताटाच्या उजव्या बाजूला, जमिनीवर, भाताचे पाच छोटे वाटे ठेवायचे. पहिला चित्रासाठी, दुसरा चित्रगुप्तासाठी, तिसरा यमासाठी, चौथा यमधर्मासाठी आणि पाचवा सर्व भूतांसाठी, म्हणजे सगळ्या जिवांसाठी. काही घरांत वाट्यांची संख्या किंवा नावं थोडी वेगळी असतात. जेवण झाल्यावर आजी ती शितं उचलून मागच्या दारी पारिजातकाखाली टाकायची.

आईला एक गोष्ट आठवली, मला माहीत नव्हती. आजोबा पहिले चार वाटे दोन-दोन शितांचे ठेवायचे आणि पाचवा चांगला सुपारीएवढा. तिने लहानपणी विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, त्या चौघांना पुष्कळ घरं आहेत, मुंग्यांना आपलंच आहे.